थंड खोलीचं दार

८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण खरं लिहावं की बरं लिहावं हेच ठरत नव्हतं. आज खरं लिहायला बसले आहे.

आईंचा गुडघा तसाच आहे, पण तब्येतीची कुरकुर आता नाही. मालकांनी शब्द पाळला. कारखान्यात बर्फाच्या लाद्या चढवायच्या फलाटावर मला काम दिलं आणि वरच्या दोन खोल्या आमच्याकडेच राहू दिल्या. खालची माणसं चांगली आहेत. मला जड लादी ओढू देत नाहीत. मी ओढली तर चिडतात.

तुम्ही ह्यांच्या मातीला आलात तेव्हा कारखाना बंद होता, म्हणून आतली रचना तुम्हाला ठाऊक नसेल. मोठ्या हॉलच्या जमिनीत खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले असतात, त्यांच्यात पाणी गोठून लाद्या होतात. टाकीवर लाकडी झाकणं आहेत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. म्हणजे हॉलची जमीनच झाकणांची. त्यावर कुणी चाललं की झाकण चौकटीत हलतं आणि वर आमच्या खोलीत ऐकू येतं. कोण चालतंय तेही कळतं. फोरमन पाय घासत चालतात. क्रेनवाला एक झाकण सोडून चालतो. आणि हे उजवा पाय जड टाकायचे, ते तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

दुपारी सगळे जेवायला बाहेर जातात आणि हॉलला कुलूप लागतं. ताई, त्या वेळेला खाली कुणीतरी चालतं. उजवा पाय जड. टाकीच्या अलीकडच्या टोकापासून पार पलीकडे, जुन्या थंड खोलीच्या दारापर्यंत. तिथे पावलं थांबतात. परत येत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा अलीकडच्या टोकापासून सुरू होतात.

ती खोली कोणती ते सांगायला नको. गॅस सुटला तेव्हा ह्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग एकटेच परत आत गेले. क्रेनवाल्याने अडवलं तर म्हणाले, आतून कुणीतरी हाक मारतंय. आत कुणीच नव्हतं. दार मागे मिटलं. ते बाहेरूनच उघडतं, आतली कळ आधीपासून मोडलेली होती. तेव्हापासून त्या खोलीला टाळं आहे. पण नव्या खोलीच्या नळ्या तिच्यातूनच जातात, त्यामुळे ती रिकामी असूनही गोठलेलीच असते.

पावलं ऐकून मी घाबरते. पण त्याहून जास्त आईंचा चेहरा बघून घाबरते. पावलं वाजली की त्या हातातलं काम ठेवतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "ऐकलंस? आला." आणि हसतात. माती दिल्यापासून त्या एकदाही रडल्या नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

मी पवित्र शास्त्र उघडणं सोडलं आहे. रविवारी उपासनेला जाते, बाकावर बसते, सगळे उठले की उठते. आत काही पोचत नाही. तुम्ही आमच्या घरात श्रद्धेने सगळ्यात पक्क्या, म्हणून तुम्हाला विचारते. काय करू?

तुमची,
धाकटी


२१ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

सलाम. पत्र वाचलं. आता जरा मोठ्या नणंदेचं ऐक.

लाकूड थंडीने आकसतं आणि उन्हाने फुगतं. दुपारी माणसं बाहेर गेली, दारं मिटली की हॉलमधली हवा बदलते आणि झाकणं एकामागून एक टकटकतात. रुग्णालयात माझ्या वॉर्डातल्या जुन्या खिडक्याही असंच करतात. एका आजीबाईंना वाटायचं की त्यांचा नवरा बाहेरून टिचक्या मारतोय. नवरा शेजारच्याच वॉर्डात पाय मोडून पडला होता आणि त्याला टिचकी मारायचीही ताकद नव्हती. दुःखात कान फार पुढे धावतात. तू दिवसभर उभी राहतेस आणि खातेस किती, तेही मला माहीत आहे.

आईला एकटं ठेवू नकोस. तुझ्या कामाच्या वेळेत शेजारीण येऊन बसली तर बघ. आई हसते म्हणून तिला रागावू नकोस. ती लहानपणी आम्हालाही पडलो की आधी हसून दाखवायची, नंतर जखम बघायची.

चर्चमध्ये पाळकसाहेबांना भेट. आणि शास्त्र उघड, ही माझी आज्ञा समज. कुठून सुरू करू असं विचारशील म्हणून सांगते. पहाटे येशूच्या कबरेकडे निघालेल्या बायकांचा भाग काढ. त्यांच्या हातात सुगंधी द्रव्यं होती आणि वाटेत त्या एकमेकींना विचारत होत्या की आपल्यासाठी दारावरची धोंड कोण लोटणार. त्या भागात तुझ्या कामाचं काहीतरी आहे असं मला वाटतं. काय ते तूच शोध.

एक विचारते, उगाच. नुसती पावलंच वाजतात ना? बोलत तर नाही कुणी?

तुझी,
ताई


६ मार्च

प्रिय ताई,

सलाम. लाकडाचं तुम्ही म्हणालात ते मी मिस्त्रींना विचारलं. त्यांनी मला झाकणावर उभं करून समजावलं. हे बघ, ही फट, ही चौकट, गार झालं की असं बसतं. पटलं मला. मग जेवायची वेळ झाली तशी ते घाईने टोपी घालून निघाले. जाता जाता म्हणाले, "बाई, तुम्हीही वर जा. दुपारी इथे थांबू नका." लाकडाला घाबरणारा मिस्त्री मी पहिल्यांदाच पाहिला.

तुम्ही विचारलंत, कुणी बोलतं का. ते का विचारलंत ते मला कळलं नाही, पण हो. बोलतं.

मागच्या आठवड्यात दुपारी वर आले तर आई खोलीत नव्हत्या. हॉलच्या मागच्या बाजूने एक बोळ आहे, त्याला कुलूप नसतं, तो जुन्या खोलीच्या दाराशी निघतो. तिथे त्या पाटावर बसल्या होत्या. दाराशी जेवणाचं ताट ठेवलेलं. मला बघून तोंडावर बोट ठेवलं आणि जवळ बोलावलं. मी दाराला कान लावला. पत्रा इतका गार की कान चिकटला.

आतून ह्यांचा आवाज आला. म्हणाले, "थंडी वाजतेय. दार उघड."

ह्यांच्यासारखा आवाज असं मी लिहीत नाही. ह्यांचाच. झोपेतून उठल्यावर जसा थोडा बसलेला असायचा तसा. आणि मग मला ज्या नावाने ते एकटेच हाक मारायचे, तुम्हालाही ते माहीत नाही, त्या नावाने हाक मारली. माझे हात आपोआप कडीकडे गेले. टाळ्याची किल्ली ह्यांच्या जुडग्यात आहे, जुडगा वर स्वयंपाकघरात खिळ्याला. ती जवळ असती तर मी दार उघडलं असतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. ती आणायला जिना चढले आणि वर पोचल्यावर किल्लीला हात न लावता उंबऱ्यातच बसले.

आता आई रोज ताट नेतात. ताट जसंच्या तसं परत येतं, वर पांढरा थर घेऊन. स्वतः मात्र जेवत नाहीत. म्हणतात, "तो उपाशी असताना माझ्या घशाखाली उतरेल का?" हात किती बारीक झाले आहेत. शेजारीण दोन दिवस आली आणि मग तिने कारण सांगून टाळलं. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. ते असेपर्यंत बोळात काही नव्हतं. ते फाटकाबाहेर पडले आणि खाली पावलं सुरू झाली.

तुमची आज्ञा पाळली. तो भाग वाचला. आणि ताई, मला राग आला. त्या बायका आत गेल्या, तिथे बसलेल्याने त्यांना येशू उठला आहे ही चांगली बातमी सांगितली, आणि त्या काय करतात? थरथर कापत पळून जातात. भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. माझ्या पुस्तकात तिथे खाली टीप आहे की जुन्या प्रतींत मजकूर इथेच संपतो. हे कसलं शुभवर्तमान, जे भीतीवर संपतं? तुम्ही मला धीर यावा म्हणून हे वाचायला सांगितलंत?

रागावू नका. दुसरं कुणी नाही, ज्याच्यावर रागावता येईल.

तुमची,
धाकटी


१५ मार्च

धाकटे,

तुझं पत्र कपडे बदलायच्या खोलीत उभ्याने वाचलं आणि तिथेच बसले. आता मीही खरं लिहिते.

आमच्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर धुतलेल्या चादरी ठेवायची खोली आहे. आत एक लोखंडी दार आहे, त्याच्यामागे पूर्वी मृतदेह ठेवायचे. आता ते बंद आहे. ख्रिसमसच्या सुमारास मी चादरी मोजत होते आणि त्या दारामागून भाऊ म्हणाला, "ताई, थंडी वाजतेय. दार उघड."

तुझं पहिलं पत्र यायच्या कितीतरी आधी. हेच शब्द. मी कुणालाही सांगितलं नाही, तुला तर नाहीच. तुला लाकडाचं सांगितलं ते खरं म्हणजे स्वतःलाच सांगत होते. तेव्हापासून चादरी आणायला मी दुसरीला पाठवते आणि तिला सांगते की माझी कंबर दुखते. तू मला श्रद्धेने पक्की म्हणतेस. मी वॉर्डात मरणाऱ्यांचा हात धरून स्तोत्रं म्हणते आणि एका दारापुढून जायला घाबरते.

पण तुझ्या पत्राने एक झालं. दोन ठिकाणचे शब्द शेजारी ठेवून बघता आले. धाकटे, भाऊला आठव. त्याने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं का? दारातून आत येताना त्याचं पहिलं वाक्य काय असायचं? "आई जेवली का?" आई उपाशी राहून सुकत चालली आहे, दाराबाहेर पाटावर बसली आहे, आणि आतला तिला एकदाही विचारत नाही. त्याचा आवाज आहे, तुझं नाव आहे, सगळं आहे. फक्त भाऊ नाही. आणि मला हेही आठवलं की भाऊ स्वतः आत गेला तो कुणाच्या तरी हाकेमुळे गेला.

शास्त्र सांगतं, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारख करा. आणि पारख कशी करायची तेही सांगतं. येशू ख्रिस्त देहाने आला, असं जो कबूल करतो तो देवापासून. त्याला हे म्हणायला सांग. मी सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही. तुला सांगतानाही लाज वाटते की जे मी करू शकले नाही ते तुझ्या गळ्यात घालतेय. पण आई तिथे आहे.

त्या बायकांवर रागावलीस ते बरं झालं, म्हणजे वाचलंस. मी आयुष्यभर तो भाग वाचला आणि त्यांची भीती डोळ्यांआडच करत आले. तुझ्यामुळे नीट बघितली. पळाल्या, कुणाला काही सांगितलं नाही. मान्य. पण मग तुला आणि मला कसं कळलं? त्यांच्यातलीच कुणीतरी कधीतरी बोलली असणार. आणि निघाल्या तेव्हा धोंड कोण लोटणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. माहीत नसताना निघाल्या. भीती वाटली म्हणून शास्त्राने त्यांना गाळलं नाही.

किल्ली तुझ्या कमरेला ठेव. आज रजेचा अर्ज करते.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र नाही. कारखान्यात फोन केला तर कुणी उचलत नाही. रजा अजून मंजूर नाही, दोघी जणी आजारी आहेत.

परवा दुपारी मी चादरींच्या खोलीशी स्वतः गेले. दारामागे काही नव्हतं. नुसतं शांत नव्हे, रिकामं. कसं सांगू, खोलीतून कुणीतरी उठून दुसरीकडे गेल्यावर जसं वाटतं तसं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट धडकीच भरली, की तो सगळा तिकडे आला.

दोन ओळी लिही. आईच्या हातची असली तरी चालेल.

ताई


११ एप्रिल

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम. आई जिवंत आहेत. आधी हे वाचा, मग बाकीचं. अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्या तळव्याची कातडी गेली. भरून येईल असं डॉक्टर म्हणतात.

तुमचं पत्र मिळाल्यावर किल्ली मी कमरेला लावली होती. पण त्या दिवशी फलाटावर गाडी लवकर लागली, मी घाईत कपडे बदलले आणि जुडगा जुन्या लुगड्याच्या गाठीला राहिला. दुपारी वर आले तर खोलीचं दार उघडं. लुगडं जमिनीवर. आई नाहीत.

बोळात गेले. टाळं काढून पाटावर ठेवलेलं. दार बंद. ताट नव्हतं.

खाली सगळे जेवायला गेले होते. हाक मारली, कुणी नाही. दाराला कान लावला तर आतून आई म्हणाल्या, "ये ग आत. मी इथेच आहे. तोही आहे." अगदी ठणठणीत आवाज, गेल्या कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता इतका. आणि त्यामागून हे म्हणाले, "आपण सगळे आहोत. दार उघड." आणि परत ते नाव.

ताई, कडीकडे नेलेला हात मी मागे घेतला. आत आई असतील तर एक क्षणही दवडायचा नव्हता. पण तो आवाज आईंचा होता याची मला खात्री नव्हती. आई त्या आवाजात बोलत नाहीत, त्यांचा घसा केव्हाचा बसला आहे. त्या फाटकाबाहेर गेल्या असतील आणि मी इथे दार उघडून आत शिरले तर? दार मागे मिटलं तर बाहेर कोण आहे उघडायला? ह्यांनाही असंच कुणीतरी बोलावलं होतं.

मला प्रार्थना सुचली नाही. एकच गोष्ट डोक्यात होती, की त्या बायकांना धोंडीचं उत्तर माहीत नव्हतं आणि तरी त्या चालत होत्या. मी दारावर हात ठेवला आणि तुम्ही सांगितलं ते म्हटलं. माझा आवाज मलाच मांजरीसारखा वाटला. म्हटलं, "येशू ख्रिस्त देहाने आला. हे म्हणा."

मग ह्यांच्या आवाजात परत आलं, "देहाने आला. हे म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. माझंच वाक्य, माझेच चढउतार, आणि जिथे नाव होतं तिथे नुसती फट. कापडाचा तेवढा तुकडा उंदराने खाल्लेला असावा तशी. मग आईंच्या त्या ठणठणीत आवाजातही तेच, तशीच फट. मग माझ्या स्वतःच्या आवाजात.

तेव्हा मला कळलं की आत हे नाहीत. तुम्हाला वाटेल मला धीर आला. नाही. मी रडले. इतके दिवस घाबरत होते, पण मनाच्या एका कोपऱ्यात मला ते हेच असायला हवे होते. त्या दाराशी ते माझ्यासाठी दुसऱ्यांदा गेले.

आत आई नसाव्यात, असं समजून मी रस्त्याकडे धावायला वळले. आणि वळता वळता आतून अगदी बारीक, घोगरं, कण्हल्यासारखं ऐकू आलं, "येशू रे बाबा." आई पाटावरून उठताना गुडघा दुखला की म्हणतात ना, तसं. ते मला दिलेलं उत्तर नव्हतं. त्या उठायचा प्रयत्न करत होत्या.

मग मी दार उघडलं. कडी उघड्या हाताने धरली, म्हणून कातडी गेली. तेव्हा दुखलं नाही. बोळातला पाट पायाने ओढून दाराच्या फटीत घातला आणि आत गेले.

खोली पांढरी होती. नळ्यांवर बर्फ मांडीएवढं जाड. आई कोपऱ्यात उलट्या खोक्यावर बसल्या होत्या, मांडीवर ताट, ओठ निळे. अर्धवट उठल्या होत्या आणि तशाच परत बसल्या होत्या. त्यांच्या मागे नळ्यांच्या सावलीत कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. ह्यांच्या उंचीचं. मी बघितलं, ताई. नजर चुकवली नाही. चुकवली असती तर आयुष्यभर ते माझ्या मागे उभं राहिलं असतं. ते वळायला लागलं.

मी आईंना म्हटलं, "आई, ते इथे नाहीत."

हे माझे शब्द नव्हते. कबरेत बसलेल्याने त्या बायकांना हेच सांगितलं होतं. मी किती वेळा वाचलं होतं आणि ते वाक्य कधी मला बोलावं लागेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझा आवाज माझा झाला होता. "आई, ते इथे नाहीत. आपण मेलेल्यांत शोधतोय. चला."

आई म्हणाल्या, "माझं लेकरू एकटं राहील ग."

"एकटे नाहीत ते. ज्याच्याजवळ आहेत त्याचं नाव तुम्ही आत्ताच घेतलंत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ताट खाली पडलं. मी त्यांना उचललं. किती हलक्या झाल्या आहेत, एका लादीच्या निम्म्याही नाहीत. दारापर्यंत पाठीमागून ह्यांचा आवाज मला त्या नावाने बोलावत राहिला, गयावया करत, मग रागाने, आणि शेवटी नुसता वारा यावा तसा. भीती गेली नव्हती. ती माझ्याबरोबरच चालत होती. फक्त कुठे जायचं ते ती ठरवत नव्हती.

बाहेर आलो तेव्हा क्रेनवाला जेवून परत येत होता. त्याने मला बघितलं आणि हातातला डबा टाकून धावला.

आई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. तोंड फिरवून झोपायच्या. रविवारी सकाळी मी त्यांच्या अंथरुणाशी बसून तो भाग मोठ्याने वाचला, बायका पळाल्या तिथपर्यंत. त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "पुन्हा वाच." वाचला. मग त्या रडायला लागल्या. संध्याकाळपर्यंत रडल्या. आणि मग म्हणाल्या की भूक लागली आहे.

तुमची,
धाकटी


२० एप्रिल

माझ्या धाकटे,

सलाम. तुझं पत्र मिळालं आणि त्याच दिवशी दुपारी मी चादरींच्या खोलीत होते. काम होतं म्हणून नाही. मुद्दाम गेले.

तो आला होता. या वेळी भाऊ नव्हता. लोखंडी दारामागून तू बोललीस. म्हणालीस, "ताई, मी आले आहे, हात फार दुखतोय, दार उघडा." माझ्या पर्समध्ये तुझं वाकड्या अक्षरातलं पत्र होतं. ते नसतं तर काय झालं असतं, कुणास ठाऊक.

मी पळाले नाही. पळावंसं फार वाटलं. गुडघे टेकले आणि तू म्हटलंस तेच म्हटलं. पलीकडून तीच फट आली. मग मी येशूच्या नावाने त्याला जायला सांगितलं. ओरडून नाही. पेशंटच्या खोलीतून नको असलेल्या नातेवाइकाला सांगते तसं, दाराकडे बोट दाखवून. मग दारामागे काहीतरी खाली बसल्यासारखा आवाज झाला, आणि पुन्हा आवाज आला नाही. आता चादरी मीच आणते. दुसरी विचारते, कंबर बरी झाली का. मी म्हणते, झाली.

तो पुन्हा कुठे येणार नाही असं मी सांगत नाही. मला माहीत नाही. पण इतकी वर्षं मी लोकांना जो धीर देत होते तो शिकलेला होता, पाठ केलेला. या वेळी माझ्यापाशी काहीच नव्हतं, आणि तरी पुरलं.

रजा मिळाली. येत्या महिन्यात येते. येईन तेव्हा दाराबाहेरूनच प्रभू येशूच्या नावात सलाम म्हणेन. ते नाव नीट ऐकल्याशिवाय दार उघडू नकोस, मी कितीही कुरकुर केली तरी. हसू नकोस, मी खरंच सांगतेय.

तुझी,
ताई


३० एप्रिल

प्रिय ताई,

प्रभू येशूच्या नावात सलाम. पूर्ण लिहिलं, बघा.

मालक जुनी खोली विटांनी बंद करणार होते. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं की बंद करू नका, उघडा. मालक माझ्याकडे बघतच राहिले. आत्तापर्यंत मी त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती. मी म्हटलं, नळ्या बाहेरून न्या, दार काढून टाका, मागच्या भिंतीला खिडकी पाडा. ते म्हणाले, खर्च आहे. मी म्हटलं, तिथे माझा माणूस गेला. गवंडी सोमवारपासून लागले आहेत. बर्फ वितळलं तेव्हा जमिनीवर फक्त आईंचं ताट होतं.

भिंती मी आणि क्रेनवाल्याच्या बायकोने मिळून घासल्या, मी एका हाताने. खिडकीतून ऊन आलं तेव्हा ती म्हणाली, अग, खोली किती लहान आहे. खरंच लहान आहे.

अजूनही कधी कधी मला ह्यांनी ठेवलेल्या त्या नावाने हाक ऐकू येईल असं वाटतं आणि मी थबकते. मग पुढे चालते.

आईंना तुम्हाला निरोप द्यायचा आहे. त्या सांगतात तसं लिहिते.

"माझ्या बाई, लवकर ये. मी आता दोन वेळा जेवते, ही मला तिसऱ्यांदा पण बसवते, तिला सांग जरा. येताना चांगली लोकर आण, मऊ असलेली, टोचणारी नको. हिच्या हाताला हातमोजा विणायचा आहे. उजव्या हाताचा, जरा सैल, पट्टी बसेल असा. बोटं मोकळी ठेवणार आहे म्हणजे हिला काम करता येईल. रंग कोणता आणायचा तेवढं हिला विचारू नको, ही काळा म्हणेल. तू लाल आण."

तुमची,
धाकटी